सांधेदुखीची औषधे : लेबलाच्या मागील बाजूस

गेल्या काही वर्षांत स्थानकांत आणि मंदिरांत भिंतीलगत ठेवलेल्या खुर्च्यांची रांग लांबत चालली आहे. सामायिकाला मांडी घालून बसणाऱ्यांत पन्नाशीपुढची मंडळी कमी दिसतात, आणि प्रतिक्रमणातील खमासमणे पुष्कळांना मनोमनच द्यावी लागतात. पालिताण्याच्या साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या ज्यांनी तरुणपणी अनवाणी चढल्या, तेच आता डोलीच्या दराची चौकशी करतात. व्यापारी घरांत तर या दुखण्याला जणू वतनच मिळालेले आहे. आधीच्या पिढीने गादीवर मांडी घालून दिवस काढला, आताची पिढी काउंटरमागे उभी राहून काढते; दोहोंत चालणे नाही आणि अंगावर ऊन नाही. वजन वाढते, मांडीचे स्नायू सैल पडतात आणि एके दिवशी जिना उतरताना गुडघा बोलू लागतो.

मग घरात बाटल्या येऊ लागतात. परदेशी असलेला मुलगा एक आणतो, शेजारी एक सुचवतात, मोबाइलवरील जाहिरात तिसरी खपवते. प्रत्येकीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो आणि तो वाचून श्रद्धाळू मन निश्चिंत होते. परंतु नैसर्गिक म्हणजे वनस्पतिजन्य नव्हे. निसर्गात खेकडाही येतो.

हे केवळ शब्दचातुर्य नाही. सांध्यांसाठी जगभर सर्वाधिक खपणाऱ्या पूरक गोळ्यांत ग्लुकोसामाइनचा क्रमांक वरचा आहे, आणि हे द्रव्य बहुतांशी कोळंबी व खेकड्यांच्या कवचांतून काढले जाते. त्याच्या जोडीला येणारे काँड्रॉइटिन गुरांच्या श्वासनलिकेच्या कूर्चेतून किंवा शार्क माशाच्या कूर्चेतून मिळते. कोलॅजेनची पूड गुरांचे कातडे, माशांची त्वचा अथवा कोंबडीच्या छातीची कूर्चा यांपासून तयार होते. कोलॅजेन वनस्पतींत नसतेच. त्यामुळे ‘व्हेज कोलॅजेन’ म्हणून विकले जाणारे मिश्रण प्रायः क जीवनसत्त्व आणि अमिनो आम्ले यांचे असते, आणि नाव मात्र कोलॅजेनचे असते. ओमेगा-३ च्या बहुतेक पिवळ्या पारदर्शक गोळ्या मत्स्यतेलाच्या असतात. इथवर तर्काने कुणालाही कळेल. पुढचे मात्र सहसा ध्यानी येत नाही. रोजची कॅल्शियमची साधी गोळी पुष्कळदा शिंपल्यांच्या कवचापासून बनवलेली असते. लेबलावर ‘सेंद्रिय स्रोतापासून’ अशा सौम्य भाषेत ते छापलेले असते. ड-३ जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्यापासून तयार करतात. आणि आतील द्रव्य कितीही शुद्ध असले, तरी त्यावरील जिलेटिनचे कवच हाडे व कातडी उकळून काढलेले असते. ज्या घरात केक आणण्यापूर्वी अंडे आहे काय असे तीनदा विचारले जाते, त्याच घरात न्याहारीनंतर हे कवच पाण्याबरोबर बिनदिक्कत गिळले जाते. विसंगती मोठी आहे, परंतु तिचे कारण अनास्था नाही. लेबलाची मागील बाजू कुणी वाचत नाही, इतकेच.

ती वाचण्याची रीत अवघड नाही. जी वस्तू पूरक आहार म्हणून विकली जाते, तिच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो आणि शाकाहाराचे हिरवे किंवा मांसाहाराचे तपकिरी चिन्ह असते. जी वस्तू औषध म्हणून विकली जाते, मग ती ॲलोपॅथीची असो वा आयुर्वेदाची, तिच्यावर औषध-निर्मितीचा परवाना क्रमांक असतो. औषधाला हिरव्या-तपकिरी चिन्हाची सक्ती नाही. म्हणजे चिन्ह नाही याचा अर्थ शाकाहारी असा होत नाही. तेथे घटकांची यादीच वाचावी लागते. कवचाच्या जागी ‘एचपीएमसी’ किंवा ‘सेल्युलोज’ असे लिहिलेले असल्यास ते लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूपासून बनलेले असते. तेच द्रव्य गोळीच्या किंवा पुडीच्या रूपात मिळत असेल, तर कवचाचा प्रश्नच उरत नाही.

हिरवे चिन्ह दिसले म्हणून जैन घराचे समाधान व्हावेच असेही नाही. ग्लुकोसामाइन आता मक्याच्या किण्वनातूनही तयार होते, मत्स्यतेलाऐवजी शेवाळापासून काढलेले ओमेगा-३ मिळते, आणि ड-३ दगडफुलासारख्या लायकेन वनस्पतीपासून काढता येते. कायद्याने हे सारे शाकाहारी आहे. पण शेवाळाची गणना अनंतकायात होते, हे ज्यांनी पाठशाळेत वाचले आहे त्यांना तेथेही थबकावे लागेल. आयुर्वेदीय औषधांतही हाच विवेक लागतो. मध हे अनेक चूर्णांचे नेहमीचे अनुपान आहे. वैद्यांना सांगितल्यास ते तूप किंवा कोमट पाणी सुचवतात. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत मुरण्याच्या क्रियेतून मद्यार्क आपोआप निर्माण होतो, आणि त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. त्याच दशमुळांचा काढा घरी उकळून घेता येतो. प्रवाळ, शंख, मौक्तिक या भस्मांचे मूळ तर त्यांच्या नावातच आहे. कोणती मर्यादा किती पाळावी, हे ज्याचे त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे; आजारपणाची सूट घेणे हाही एक निर्णयच आहे. मात्र तो जाणून घेतलेला असावा.

आता व्यापारी मनात साहजिकच प्रश्न येतो, की एवढे सोडायचे म्हणजे तोटा किती? याचे उत्तर दिलासा देणारे आहे. ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन यांची अमेरिकेत सरकारी खर्चाने मोठी चाचणी झाली. १,५८३ गुडघेदुखीच्या रुग्णांवर सहा महिने झालेल्या या चाचणीचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. एकूण रुग्णांत या दोन्ही द्रव्यांचा परिणाम, एकेकटा वा एकत्रित, नुसत्या पिठाच्या गोळीहून म्हणण्यासारखा वेगळा आढळला नाही. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या एका लहान गटात काही लाभ दिसला, पण तेवढ्यावरून सर्वांनी महिन्याला हजार-दोन हजार रुपये खर्चावेत असे म्हणता येत नाही. कोलॅजेनची गोष्ट याहून साधी आहे. पोटात गेल्यावर त्याचे इतर कोणत्याही प्रथिनासारखे तुकडे होतात आणि ते तुकडे थेट गुडघ्याकडेच जातील असा काही नियम शरीरात नाही. त्याच्या बाजूने दाखवल्या जाणाऱ्या चाचण्या लहान आहेत आणि बऱ्याचशा उत्पादकांच्याच पैशाने झालेल्या आहेत. म्हणजे जे धर्मासाठी सोडावे लागते, त्याचा प्रकृतीलाही फारसा हिशेब लागत नाही.

याउलट जे स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याच्या बाजूने पुरावा अधिक आहे. हळदीपासून सुरुवात करणे योग्य, कारण सांगलीच्या बाजारपेठेत ज्या मालावर कित्येक जैन पेढ्या उभ्या राहिल्या, तोच हा माल. हरिपूरच्या जमिनीतील पेवांत एकेकाळी वर्षानुवर्षे साठवली गेलेली ही हळद. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. ओली हळद आणि आले अनंतकाय म्हणून वर्ज्य मानली जातात; वाळलेली हळद आणि सुंठ मात्र बहुतेक घरांत चालतात. औषधी दृष्टीनेही काही बिघडत नाही, कारण हळदीतील कुर्क्युमिन हे क्रियाशील द्रव्य वाळल्यावरही टिकते. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीच्या अर्काची दररोज १,५०० मिलिग्रॅम मात्रा आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या तोडीस तोड ठरली, आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. २०२० साली ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ७० जणांवर झालेली चाचणी अधिक बोलकी आहे. १२ आठवड्यांनंतर वेदना कमी झाल्या. पण एमआरआय काढून पाहता गुडघ्यातील पाणी आणि कूर्चा होती तशीच होती. दुखणे हलके होते, झीज भरून येत नाही. हळद विकणाऱ्याने याहून अधिक सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

येथे मात्रेचा हिशेब करायला हवा. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळद घेतली तर त्यातून मिळणारे कुर्क्युमिन ९० मिलिग्रॅमच्या आसपास. चाचण्यांत वापरलेला अर्क याच्या कितीतरी पट तीव्र असतो. रात्री दुधात घातलेली चिमूटभर हळद वाईट नाही (चौविहार पाळणाऱ्यांनी ती सूर्यास्तापूर्वी घ्यावी), पण तिच्याकडून औषधाची अपेक्षा करणे म्हणजे बचत खात्याच्या व्याजावर मुलीचे लग्न करण्यासारखे आहे. हळद रक्तात फार कमी उतरते हीही एक अडचण. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले, की २ ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर मिरीतील पायपरिन केवळ २० मिलिग्रॅम दिले तर शोषण वीस पटींनी वाढते. तेव्हापासून हळदीच्या अर्काच्या गोळ्यांत मिरीचा अर्क घालण्याची प्रथाच पडली. पण वाढलेले शोषण ही दुधारी सुरी आहे. अशा तीव्र गोळ्या घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणे अमेरिका, इटली आणि ऑस्ट्रेलियात नोंदली गेली आहेत. भाजीतील हळदीबाबत ही भीती नाही. गोळ्या घेत असताना लघवी गडद होऊ लागली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडाली, तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे.

दुसरे द्रव्य शल्लकी. विदर्भ आणि खानदेशाच्या कोरड्या डोंगरांत जो सालईचा वृक्ष उभा असतो, त्याचा डिंक म्हणजे शल्लकी. तिच्यावरील एक आरंभीची चाचणी नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात झाली व २००३ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण तीसच होते, पण प्रत्येकाला आठ आठवडे खरे औषध आणि आठ आठवडे नकली औषध आलटून-पालटून दिले गेले. औषधाच्या काळात वेदना आणि सूज कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरणाच्या चित्रात मात्र बदल नव्हता. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी आणि एका प्रकारात गुग्गुळ यांच्या मिश्रणाची तुलना तीत ग्लुकोसामाइनशी आणि सेलेकॉक्सिब या आधुनिक वेदनाशामकाशी केली होती. गुण सारखाच आला. सात रुग्णांच्या रक्तात यकृताचे एक मान वाढलेले आढळले, तेही त्या शोधनिबंधात नमूद केले आहे. स्वतःच्या औषधाचे दोष छापणारा अभ्यास नुसती स्तुती करणाऱ्या पत्रकापेक्षा कधीही अधिक भरवशाचा.

गुग्गुळाबाबत एक वेगळा विचार आहे. योगराज गुग्गुळ, सिंहनाद गुग्गुळ ही नावे घराघरांत परिचित आहेत. ज्या झुडपापासून हा निर्यास मिळतो, ते राजस्थान व गुजरातच्या रुक्ष भागांत वाढते आणि आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले आहे. अधिक निर्यास मिळावा म्हणून खोल चिरा पाडल्यावर झुडूप वाळून जाते. शल्लकीने काम भागत असेल तर गुग्गुळाचा हट्ट धरू नये, असे वनस्पतीतही जीव मानणाऱ्या समाजाला सांगावे लागू नये. महायोगराज गुग्गुळात शिसे, कथील आदी धातूंची भस्मे असतात. ते वैद्यांच्या देखरेखीविना, केवळ नाव ऐकून दुकानातून आणू नये.

जवसाची चटणी मात्र निःशंक खावी. तिच्यातील ओमेगा-३ मत्स्यतेलातील ओमेगा-३ इतके प्रभावी नसते, शरीर त्याचे थोडेच रूपांतर करते. तरी स्वस्त, चविष्ट आणि निरुपद्रवी असा हा पदार्थ आहे. मेथीच्या आणि डिंकाच्या लाडवांची कीर्ती मोठी असली, तरी गुडघ्याला त्यातील मेथीपेक्षा तूप-गुळाचे वजनच अधिक जाणवते.

सर्वांत मोठा धोका या कशातही नाही. तो आहे गावोगाव ‘देशी’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्यांत. दहा वर्षांचे दुखणे दोन दिवसांत पळाले, असे कोणी सांगितले की ओळखावे, तीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव आहे. काही महिन्यांत चेहरा फुगतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि ती पुडी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, म्हणून बंद करतानाही डॉक्टरांना सांगूनच करावी.

दुसरा धोका जैन घरांपुरता विशेष आहे आणि तो क्वचितच बोलला जातो. उपवास, आयंबिल, अठ्ठाई यांच्या काळात वेदनाशामक गोळ्या घेणे. या गोळ्या रिकाम्या पोटी जठराला जखम करतात. आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा आणखी घटवतात. रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. तिविहारात उकळलेले पाणी चालते, ते दिवसभरात भरपूर प्यावे. चौविहार उपवासात तेही नाही. पर्युषणाच्या आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन कोणती गोळी थांबवायची, कोणती पारण्यानंतर पुन्हा सुरू करायची, हे लिहून घ्यावे. एरवीही नवकारसी ते सूर्यास्त एवढ्याच वेळात मात्रा बसवायची असल्यास तसे सांगितले की दिवसातून एक-दोनदा घेण्याची गोळी मिळू शकते. मोठ्या तपश्चर्येनंतर पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन सुजला, तर तो वात नसून युरिक आम्लाचा विकार असण्याची शक्यता असते; दीर्घ लंघनात हे आम्ल रक्तात वाढते. तपाचा दोष नाही, पण ज्याला हा विकार आधी होऊन गेला आहे त्याने अठ्ठाईचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, त्यांनी हळदीचा अर्क, गुग्गुळ वा शल्लकी यांपैकी काहीही हृदयविकारतज्ज्ञांना विचारल्याखेरीज सुरू करू नये.

वेदनाशामकांचा विषय निघालाच आहे तर पांजरापोळांच्या विश्वस्तांसाठी एक नोंद. माणसाच्या गुडघ्याला चोळले जाणारे डायक्लोफेनॅक जनावरांना टोचल्यामुळे, त्यांचे शव खाणारी गिधाडे देशभर लाखोंनी मेली. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. लंगड्या गाईला मेलॉक्सिकॅम दिले तर तिचीही वेदना शमते आणि गिधाडही वाचते.

औषध कोणतेही असो, आजार कोणता हे आधी ठरावे लागते. वयपरत्वे झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो आणि विश्रांतीने शमतो. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे तासभर आखडलेली राहत असतील, मनगटे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. माधवनिदान या प्राचीन ग्रंथानेही या विकाराला स्वतंत्र स्थान दिले होते. त्यात पहिले काही महिने मोलाचे असतात. ते महिने घरगुती उपायांत घालवले तर बोटे वाकडी होतात, ती पुन्हा सरळ होत नाहीत. अंगभर, हाडांत दुखत असेल तर ड जीवनसत्त्वाची आणि मुंग्या येत असतील तर ब-१२ ची तपासणी करावी. शाकाहारी आणि दिवसभर दुकानात बसणाऱ्या माणसात या दोहोंची उणीव सहज आढळते. ब-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, त्यामुळे प्राणिज मूळ नसलेली गोळी मिळते; कवच तेवढे पाहावे.

झिजेच्या गुडघ्यासाठी ज्या दोन उपायांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, ते बाटलीत मिळत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही. १ किलो वजन घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. पाच किलो घटवणारा माणूस पावलापावलाला वीस किलोंचे पोते उतरवून ठेवतो. ऊनोदरी तप, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, याकामी उत्तम. मात्र पारण्याच्या ताटात ते भरून काढू नये. दुसरा उपाय मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीत ताठ बसून एक पाय सरळ पुढे उचलावा, दहा आकडे मोजावेत, खाली ठेवावा, मग दुसरा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बसूनही हे करता येते. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

त्या मधल्या काळात शेकाचा आधार घ्यावा. निर्गुडीची पाने तव्यावर कोरडी गरम करून कापडात बांधली, तर दुखऱ्या सांध्याला बरे वाटते. एरंडेल कोमट करून हलक्या हाताने चोळले तरी चालते. सांधा लाल आणि तापलेला असेल तेव्हा मात्र शेकू नये. साखरेचा विकार असणाऱ्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. त्यांच्यासाठी शेकाचा चटका दुसऱ्याने आधी आपल्या हातावर पाहावा आणि मगच पुरचुंडी गुडघ्यावर ठेवावी.